क्लचचं पेडल खाली बसलं म्हणजे क्लच प्लेट गेली असं नसतं! हायड्रॉलिक क्लचचं दुखणं नेमकं कसं ओळखायचं?

पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी सिंहगडाचा घाट चढून बघा. गोळेवाडीच्या नाक्यापासून वर गाड्यांची रांग लागलेली असते. दहा फूट पुढे जायचं, थांबायचं, परत हाफ क्लचवर गाडी उचलायची. मधेच काहीतरी जळाल्याचा वास येतो आणि पुढच्या वळणावर एखादी गाडी बॉनेट उघडून उभी दिसते. भोवती जमलेल्या चार जणांचं निदान ठरलेलं असतं, "क्लच प्लेट गेली."

कधी ते बरोबर असतं. पण बऱ्याचदा प्लेट ठणठणीत असते आणि बिघाड असतो तो पेडल आणि प्लेट यांच्या मधल्या ऑइलच्या यंत्रणेत. हा फरक कळणं खिशाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, गाडी दिवसभर किंवा जास्त वेळ अडकते, आणि एकदा उघडलंच आहे म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग असा अख्खा सेट बदलला जातो. उलट मास्टर सिलिंडर किंवा बाहेर बसवलेला स्लेव्ह सिलिंडर बदलायला गिअरबॉक्सला हातही लावावा लागत नाही. म्हणजे निदान चुकलं तर मोठं बिल भरूनही गाडी तशीच्या तशी परत येऊ शकते. सेट नवा कोरा, आणि गिअर अजूनही पडत नाही!

म्हणून आज हायड्रॉलिक क्लच नीट समजून घेऊ. मेकॅनिक व्हायची गरज नाही, पण गॅरेजमध्ये गेल्यावर काय विचारायचं एवढं कळलं तरी पुरे.

चमचाभर ऑइलचा खेळ

इंजिन सतत फिरत असतं, चाकं मात्र कधी फिरतात, कधी थांबतात. या दोघांना जोडायचं आणि तोडायचं काम क्लच करतो. इंजिनच्या मागे फ्लायव्हील असतं. त्याला चिकटून क्लच प्लेट असते आणि तिला मागून प्रेशर प्लेट घट्ट दाबून धरते. पेडल दाबलं की हा दाब सुटतो, प्लेट मोकळी होते आणि गिअर बदलता येतो. पाय काढला की दाब परत येतो.

प्रश्न असा, की पायाचा जोर तिथपर्यंत पोचवायचा कसा? जुन्या मारुती ८०० मध्ये किंवा अल्टोमध्ये यासाठी केबल असायची, स्कूटरच्या ब्रेकसारखी. इनोव्हा, स्कॉर्पिओ किंवा होंडा सिटीसारख्या गाड्यांत केबलच्या जागी ऑइल असतं. पेडलच्या मागे मास्टर सिलिंडर असतो, त्यातून एक बारीक पाइप गिअरबॉक्सकडे जातो आणि तिथे स्लेव्ह सिलिंडर असतो. तुम्ही पेडल दाबता, मास्टरमधलं ऑइल पाइपातून स्लेव्हमध्ये जातं, स्लेव्हचा दट्ट्या बाहेर येतो, तो फोर्कला ढकलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला आणि बेअरिंग प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगला.

शाळेत शिकलेला पास्कलचा नियम तो हाच. बंदिस्त द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो. मास्टरपेक्षा स्लेव्ह थोडा जाड ठेवला की जोर वाढतो, पण त्या बदल्यात अंतर कमी होतं.

एक गणित करून बघू. समजा मास्टरच्या दट्ट्याचा व्यास १६ मिलिमीटर आहे आणि पेडल पूर्ण दाबल्यावर तो २५ मिलिमीटर सरकतो. त्यातून ढकललं जाणारं ऑइल भरतं जेमतेम ५ मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा. स्लेव्हचा व्यास २० मिलिमीटर असेल तर तो दट्ट्या १६ मिलिमीटर सरकेल. आणि शेवटी प्रेशर प्लेट उचलली जाते ती फक्त दीड-दोन मिलिमीटर. एवढ्याशा अंतरावर गिअर पडणार की खरखरणार हे ठरतं.

आता या चमचाभर ऑइलमधलं १ मिलिलिटर कुठेतरी गळून गेलं, किंवा तेवढ्या जागेत हवा शिरली, तर? ऑइल दाबलं जात नाही, हवा मात्र दाबली जाते. तुमच्या पेडलच्या कष्टातला पाचवा हिस्सा ती हवा दाबण्यातच संपतो. प्लेट पूर्ण सुटत नाही. हायड्रॉलिक क्लचच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी हे एवढंच असतं.

आपल्या गाडीत केबल आहे की ऑइल, हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. बॉनेट उघडूनही कळतं. काही गाड्यांत क्लचची स्वतंत्र छोटी डबी असते. अनेक नव्या गाड्यांत मात्र वेगळी डबी नसते, ब्रेक ऑइलच्या डबीतूनच एक बारीक नळी क्लचच्या मास्टरकडे गेलेली असते. ही नळी डबीला जरा वरच्या बाजूला जोडतात. हेतू हा, की क्लचचं ऑइल गळून गेलं तरी ब्रेकपुरतं ऑइल खाली शिल्लक राहावं. त्यामुळे क्लच मऊ पडलाय आणि त्याच वेळी डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवाही लागलाय, तर दोन्ही गोष्टींचं कारण एकच गळती असू शकते. अशा वेळी गाडी पुढे नेऊ नका, आधी डबीतली पातळी बघा.

ट्रक-बसचं थोडं निराळं. तिथली स्प्रिंग एवढी कडक असते की नुसत्या पायाने दिवसभर दाबणं अवघड, म्हणून ऑइलच्या जोडीला हवेच्या दाबाची मदत घेतात. चालक त्याला क्लच बूस्टर म्हणतात. तिथे ऑइलबरोबर हवेची गळतीही तपासावी लागते. आणि ज्यांच्याकडे पेडल नसलेली एएमटी गाडी आहे त्यांनी आपल्याला हे लागू नाही असं समजू नये. त्यात क्लच असतोच, फक्त तो दाबायचं काम पायाऐवजी यंत्र करतं.

दोन आजार, दोन टोकं

क्लचची तक्रार कितीही वेगवेगळ्या शब्दांत सांगितली तरी मुख्य आजार दोनच.

पहिला, क्लच पूर्ण सुटत नाही. पेडल दाबलं तरी इंजिन आणि गिअरबॉक्स थोडे जोडलेलेच राहतात. गिअर पडत नाही, पहिला टाकताना अडकतो, रिव्हर्स टाकताना करकर आवाज येतो. सिग्नलला पेडल दाबून उभं असताना गाडी हळूच पुढे सरकते. इंजिन बंद केलं की मात्र सगळे गिअर लोण्यासारखे पडतात. ही शेवटची खूण लक्षात ठेवा. बंद इंजिनवर गिअर पडतात आणि चालू इंजिनवर पडत नाहीत, तर दोष गिअरबॉक्सपेक्षा क्लच न सुटण्यात असण्याची शक्यता जास्त. आणि क्लच न सुटण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ऑइलची यंत्रणा.

दुसरा, क्लच पूर्ण पकडत नाही. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज वाढतो, काटा चढतो, पण गाडी त्या मानाने पळत नाही. चढावर हे जास्त जाणवतं आणि जळका वास येतो. याला क्लच स्लिप होणं म्हणतात. इथे दोष बहुतेकदा प्लेटचाच असतो, झिजली तरी किंवा तिच्यावर तेल आलं तरी.

सिंहगडाच्या घाटात वास येणारी गाडी दुसऱ्या प्रकारातली. कधी कधी तर प्लेट गेलेलीही नसते, अर्धा तास हाफ क्लचवर राहून नुसती तापलेली असते. थोडा वेळ थांबून गार होऊ दिली की पुन्हा चालते. पेडल खाली जाऊन बसलेली आणि वर न येणारी गाडी मात्र पहिल्या प्रकारातली. तिला वासही येत नाही आणि तिच्या प्लेटचा काही दोषही नसतो.

अपवाद एक आहे आणि तो चांगले मेकॅनिकही विसरतात. मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक छिद्र असतं. पेडल पूर्ण वर आल्यावर त्यातून ऑइल परत डबीत जातं. पेडलची दांडी चुकीची ॲडजस्ट केलेली असेल, पेडल पूर्ण वर येत नसेल किंवा कचऱ्याने ते छिद्र बुजलं असेल तर ऑइल आतच कोंडून राहतं. इंजिनच्या उष्णतेने ते फुगतं आणि पाय न लावताही क्लच थोडा दाबलेलाच राहतो. गाडी थंड असताना ठीक चालते, तापली की स्लिप होते. जुना रबरी पाइप आतून फुगला तरी हेच होतं, ऑइल जातं पण परत येताना अडतं. प्लेट बदलूनही महिन्याभरात गाडी पुन्हा स्लिप मारायला लागली, तर इकडे बघा.

पेडल काय सांगतंय?

सगळ्यात आधी मॅट बघा. हो, मॅटच. हल्ली बसवतात त्या जाड मॅट पेडलखाली सरकल्या की पेडल दोन-तीन सेंटिमीटर आधीच अडतं आणि क्लच पूर्ण सुटत नाही. गिअर खरखरतात म्हणून गॅरेजला जाण्याआधी मॅट काढून एकदा गाडी चालवून बघायला काही खर्च येत नाही.

पेडल मऊ, स्पंजसारखं लागतंय आणि गाडी अगदी खालीच उचलतेय, पण तीन-चार वेळा भराभर दाबल्यावर सुधारतंय? तर आत हवा आहे किंवा मास्टरचं आतलं रबर झिजलंय. ही हवा आपोआप येत नाही. अलीकडेच काही काम झालेलं नसेल तर ती जिथून शिरली ती गळती शोधायला हवी. नुसती एअर काढून दिली तर आठवड्याभरात तुम्ही परत तिथेच.

पेडल दाबल्यावर ठीक वाटतं, पण दाबून धरलं की पायाखाली हळूहळू खाली जातं? विद्यापीठ चौकातल्या लांबलचक सिग्नलला हे छान कळतं. पहिला गिअर टाकून पाय दाबून बसलात आणि अर्ध्या मिनिटाने गाडी ओढ घ्यायला लागली, तर मास्टरच्या आतलं रबर ऑइल अडवू शकत नाहीये. यात गंमत अशी, की ऑइल बाहेर कुठेच गळत नाही. दट्ट्याच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातं आणि परत डबीत. पातळी जशीच्या तशी. "ऑइल तर फुल्ल आहे, मग प्लेटच असणार" हा निष्कर्ष इथेच चुकतो. सिग्नलला क्लच दाबून बसण्यापेक्षा न्यूट्रल करून पाय मोकळा ठेवणं चांगलं, ते वेगळंच. पण तपासणीसाठी ही वेळ उपयोगी आहे.

पेडल दगडासारखं जड झालंय? इथे ऑइलचा संबंध कमी. झिजलेल्या प्लेटमुळे प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची ठेवण बदलते आणि ती कडक लागते. फोर्कचा टेकू सुकणं, बेअरिंग अडकणं, क्वचित पाइप चेपला जाणं हीसुद्धा कारणं असतात.

आवाजाचंही थोडं. पेडल दाबल्यावर घरघर येत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर. पेडल सोडलेलं असताना येते आणि दाबल्यावर थांबते तर बहुतेकदा गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगवर. या दोन्हींत मास्टर-स्लेव्ह बदलून काहीही होणार नाही.

ऑइल जातंय कुठे?

डबीतली पातळी खाली जात असेल तर काम सोपं. हे ऑइल इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही. कमी झालं म्हणजे गळलं.

एक टॉर्च आणि टिश्यू पेपर घ्या. ड्रायव्हरच्या पायाशी वाकून क्लच पेडलची दांडी जिथे भिंतीत शिरते तिथे टिश्यू फिरवा. ओला झाला तर मास्टरचं मागचं सील गेलंय. कधी कधी ते ऑइल पेडलवरून ओघळत मॅटखाली साठतं आणि मालकाला वाटतं एसीचं पाणी आहे. बोटाला चिकट, निसरडं लागलं तर ते पाणी नाही.

तिथे कोरडं असेल तर बॉनेटखालचा पाइप आणि त्याचे जोड बघा. मग गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेला स्लेव्ह. त्याच्या टोकाला रबरी टोपी असते, ती थोडी उचलून बघा. आत ओलं असेल तर स्लेव्ह गेला.

आणि हे सगळं कोरडं असूनही पातळी उतरतच असेल तर? बऱ्याच नव्या गाड्यांत स्लेव्ह बाहेर नसतोच. तो गिअरबॉक्सच्या तोंडाशी, शाफ्टच्या भोवती गोल बसवलेला असतो आणि रिलीज बेअरिंग त्यालाच जोडलेलं असतं. तो गळला तर इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत तिथून खाली थेंब पडतात. तो बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. इथे मात्र सेट बदलायचा मेकॅनिकचा सल्ला योग्य ठरतो, कारण गळलेलं ऑइल प्लेटवर गेलं असेल तर ती पुसून पुन्हा वापरता येत नाही, आणि बऱ्यापैकी झिजलेली प्लेट तशीच ठेवली तर वर्षभरात तीच मजुरी पुन्हा द्यावी लागेल. हाच नियम उलटाही लागू होतो. अशा गाडीची प्लेट बदलताना आतला स्लेव्ह जुना ठेवू नका.

एक बारीक गोष्ट. ब्रेकचे पॅड झिजतात तशी डबीतली पातळी हळूहळू खाली जाते. क्लचमध्ये उलट होतं. प्लेट झिजते तसा स्लेव्हचा दट्ट्या मागे ढकलला जातो आणि ऑइल थोडं परत डबीत येतं. त्यामुळे क्लचची स्वतंत्र डबी असलेल्या गाडीत पातळी उतरली, तर "प्लेट झिजल्यामुळे" हे उत्तर स्वीकारू नका.

निकाल लावणारी तपासणी

वरच्या खुणांवरून अंदाज येतो. पण दोष ऑइलच्या यंत्रणेत आहे की क्लचच्या आत, याचा पक्का निकाल एकाच तपासणीत लागतो. स्लेव्ह बाहेर असलेल्या गाडीला ती करता येते.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, इंजिन बंद. एक जण पेडल पूर्ण दाबतो, दुसरा स्लेव्हची दांडी किती सरकते ते बघतो. सर्वसाधारण मोटारीत ती एक सेंटिमीटर किंवा त्याहून थोडी जास्त सरकते, नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. दांडी पूर्ण सरकतेय, तिथेच टिकतेय आणि तरीही गिअर पडत नाही, तर ऑइलची यंत्रणा निर्दोष आहे. दोष फोर्क, बेअरिंग, प्रेशर प्लेट किंवा प्लेटमध्ये आहे, गिअरबॉक्स उतरवा. दांडी अर्धीच सरकतेय किंवा सरकून हळूहळू परत येतेय, तर गिअरबॉक्सला हात लावायचं कारण नाही.

दोन मिनिटांचं काम आहे. सेट बदलायचा खर्च सांगणाऱ्या मेकॅनिकला "स्लेव्हची दांडी किती सरकते ते बघितलं का?" एवढंच शांतपणे विचारा. ज्याने बघितलंय तो लगेच सांगेल. आणि जुने पार्ट परत मागा. नवीन मास्टर किंवा स्लेव्ह बसवल्यावर जुना हातात घेऊन त्याचं रबर, आतला गंज बघितला की निदान बरोबर होतं का हे तुम्हालाही कळतं. नाना पेठेत सिलिंडर आणि नुसतं रबरचं किट दोन्ही मिळतं. किट स्वस्त पडतं, पण सिलिंडरच्या आत गंज किंवा ओरखडे असतील तर नवं रबरही लवकर फाटतं. आतून बोट फिरवून गुळगुळीत लागला तरच किट टाकण्यात अर्थ आहे.

स्लिप तपासायची साधी पद्धत म्हणजे मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये कमी वेगात असताना ॲक्सिलरेटर एकदम दाबायचा. इंजिनचा काटा आणि गाडीचा वेग एकत्र वाढले तर पकड ठीक. काटाच उडी मारून पुढे गेला तर प्लेट बघावी लागेल. हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा प्रयोग अनेक जण करतात, पण त्यात चांगली प्लेटही विनाकारण भाजते.

एक खास पुणेरी प्रकरण. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्यामुळे सिंहगड रोडच्या एकता नगरीत सोसायट्यांत पाणी शिरलं आणि पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. अशी भिजलेली गाडी काही दिवस उभी राहिली की क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटू शकते. पेडल अगदी नॉर्मल लागतं, दांडी पूर्ण सरकते, पण गिअर पडत नाही. इथे ऑइलचा काही दोष नसतो. तरीही पाण्यात बुडालेल्या गाडीचं ब्रेक-क्लच ऑइल बदलायलाच हवं.

ऑइल म्हणजे कुठलंही ऑइल नव्हे

क्लचमध्ये बहुतेक गाड्यांत ब्रेक ऑइलच वापरतात, डॉट ३ किंवा डॉट ४. कुठलं, ते डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. हे खरं तर तेल नाहीच, ग्लायकॉल जातीचं रसायन आहे आणि ते हवेतली ओल शोषून घेतं. कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी गेल्यावर तो १५५ पर्यंत उतरला तरी चालतो, असं हे मानक सांगतं. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. क्लचचा पाइप अनेकदा इंजिनच्या उष्णतेजवळून जातो. जुनं, ओल धरलेलं ऑइल घाटात तापलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल अचानक मऊ पडतं. गाडी गार झाली की सगळं पुन्हा ठीक, त्यामुळे गॅरेजमध्ये दोष सापडत नाही. त्याच ओलीने सिलिंडर आतून गंजतो आणि गंज रबर कापतो. म्हणून कंपनीने वेगळं काही सांगितलं नसेल तर साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलावं. काळपट, गढूळ दिसत असेल तर त्याआधीच.

डबीत चुकूनही इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल टाकू नका. या यंत्रणेतली रबरं त्याने फुगतात, आणि डबी एकत्र असेल तर ब्रेकचीही वाट लागते. डॉट ५ हे नाव डॉट ४ च्या पुढचं वाटतं, पण ते सिलिकॉनचं असतं आणि बाकीच्यांत मिसळत नाही. डॉट ५.१ मात्र ग्लायकॉलचंच आहे. नावं ठेवणाऱ्याला नमस्कार! आणि हे ऑइल रंग खातं, बॉनेटवर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

एअर काढायचं काम दोघांचं. स्लेव्हवरच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवायचं. एकाने पेडल सावकाश दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडायचं, बुडबुडे आले की बंद करायचं, आणि मगच पहिल्याने पेडल सोडायचं. क्रम चुकला की निघालेली हवा परत आत. पेडल आपोआप वर येत नसेल तर हाताने उचलावं लागतं. डबी मधेच रिकामी होऊ द्यायची नाही आणि बाटलीतलं ऑइल पुन्हा वापरायचं नाही. हे काम करून घेताना नळीतून बाहेर येणाऱ्या ऑइलचा रंग बघा, स्वच्छ येईपर्यंत चालू ठेवायला सांगा.

रस्त्यात पेडल बसलं तर

दिवे घाटात किंवा खंबाटकीच्या चढावर पेडल खाली जाऊन बसलं तर आधी धोक्याचे दिवे लावा. पेडलखाली पाय घालून ते वर ओढा आणि भराभर पाच-सहा वेळा दाबा. अनेकदा गाडी बाजूला घेण्याइतका क्लच त्यातून मिळतो. नाहीच मिळाला आणि गाडी रस्त्याच्या मधे असेल, तर इंजिन बंद करून पहिला गिअर टाका, ब्रेकवर पाय ठेवा आणि पुढची जागा मोकळी असल्याची खात्री करून स्टार्टर मारा. क्लच सुटत नसल्यामुळे गाडी स्टार्ट होतानाच धक्का देऊन पुढे निघते. ज्या गाड्या क्लच दाबल्याशिवाय स्टार्ट होत नाहीत त्यांत पेडल दाबूनच हे करावं लागतं. तेवढ्या जोरावर गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. हा उपाय फक्त कडेला घेण्यापुरता आहे, घरी जाण्यासाठी नाही. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि कुठेही ११२ हे क्रमांक मदतीसाठी आहेत.

उतारावर तर चूक महागात पडते. पेडल अधूनमधून दगा देतंय म्हणून काही जण गिअर बदलायची कटकट नको असं म्हणत उतारावर न्यूट्रल टाकतात किंवा क्लच दाबूनच गाडी सोडतात. दोन्हींत इंजिनची ओढ जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार पुणेकरांना सांगायला नको. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका ट्रकने ४० हून जास्त गाड्यांना धडक दिली. आधी ब्रेक निकामी झाल्याची चर्चा झाली, पण चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं असं प्राथमिक तपासात पुढे आलं. क्लचवर भरवसा नसेल तर उतार सुरू होण्याआधीच, वेग कमी असताना दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये या आणि खाली पोचेपर्यंत तोच गिअर ठेवा. आणि डबी एकत्र असलेल्या गाडीत पातळी किमान खुणेच्या खाली गेलेली असेल, तर त्या गाडीने घाट उतरूच नका, टोइंग बोलवा.